पाणथरीतली गाठ

नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या बरगडीखाली दुखू लागलं. अंगात बारीक ताप असायचा, जेवण तुटलं होतं. आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत छाटणी चालू असताना त्यानं अंथरूण धरलं, तेव्हा मी त्याला मिरजेला नेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्लीहेत गाठ आहे. कॅन्सरसारखी दिसते. पण प्लीहा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही." प्लीहा म्हणजे आमची पाणथरी. मला मधलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

भावाला मी काही सांगितलं नाही. आमच्याकडे घरातला कर्ता गेला की वर्षभर मंगलकार्य होत नाही. त्याची मुलगी सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पाटणकडचं स्थळ आलेलं होतं, मुलगा फौजेत. ऑपरेशनच्या आधी लग्न उरकायचं मी ठरवलं.

"पोरगी शिकतीया दादा. पदवी हुंदे, मग बघू," भाऊ म्हणाला.

"पाहुणं थांबायचं न्हाईत."

"मग जाऊ द्या की. फौजेत काय एकच पोरगा हाय व्हय?" तो हसला. मी हसलो नाही, तसा तोही थांबला. "लय वंगाळ हाय का?"

"तू फकस्त अक्षता टाक."



मी ऑपरेशन लांबवलं म्हणून डॉक्टर चिडले. लग्न झालं, मग पाणथरी काढली. तपासणीत कॅन्सर निघालाच नाही. ती नुसती सुजेची गाठ होती, दिसायला मात्र थेट तशीच. अशी गाठ क्वचितच सापडते, असं डॉक्टर म्हणाले. खाटेवर पडल्या पडल्या भाऊ म्हणाला, "काय दादा, आता लेकीला माघारी आणायची का?"

सासरच्यांनी तिला परीक्षेला पाठवलं नाही. बापानंच मरणाच्या भीतीनं आपलं शिक्षण मोडलं, असं तिनं धरलं. सणाला आली की आईशी बोलायची, आबांपुढं, म्हणजे बापापुढं, ताट ठेवून आत जायची. भावानं माझं नाव कधी सांगितलं नाही. मी गप्प राहिलो.

गेल्या वर्षी भाऊ गेला. परवा त्याच्या वर्षश्राद्धाला ती पंगतीत म्हणाली, "आबांना माझ्यापेक्षा पाहुणं मोठं वाटलं." मी शेजारीच जेवत होतो.

तिच्या बापानं नकार दिला होता. सुपारी मी फोडली. हे छापून आलं की पाटणला जाऊन मी स्वतः तिच्या हातात देणार आहे.