विहिरीच्या रजिस्टरातल्या सात सह्या

डॉक्टरांनी सुमनच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसली नाही, ओल्या कापडाच्या चुणीसारखी उभीच राहिली. "कॉलरा," ते म्हणाले आणि केसपेपरवर मात्र "गॅस्ट्रो" लिहिलं. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "कॉलरा लिहायचं नाही असं वरून तोंडी सांगितलंय, मास्तर. औषध तेच आहे."

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. मी तेव्हा जालन्यात मस्तगड भागात राहायचो, शाळेत गणित शिकवायचो. सुमनला, माझ्या बायकोला, सकाळी सहाला पहिला जुलाब झाला. दहापर्यंत मी चौदा मोजले. पुढे मोजता येईनात. पेजेसारखं पाणी नुसतं वाहत होतं. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून मी थांबलो. ही चूक तुम्ही करू नका.

डीहायड्रेशन म्हणजे अंगातलं पाणी आटणं. तिचे डोळे खोल गेले, बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. दुपारी खाटेवरच्या तिच्या चेहऱ्यात मला तिची वारलेली आई दिसू लागली.

वॉर्डात खाटा अठरा, माणसं एकतीस. तरी गलका नव्हता. या आजारात आवाज बसतो. मुलं तोंड वासून रडत होती आणि ऐकू काही येत नव्हतं. सगळे पाणी मागत होते, कुजबुजत. भर उन्हात, वाळक्या पानांतून काहीतरी सरपटत जावं तसा तो आवाज खाटेखाटेवरून फिरायचा.

सलाइन म्हणजे शिरेतून दिलेलं मिठाचं पाणी. पहिल्या दिवशी नऊ बाटल्या गेल्या. नाडी लागली, पण आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेवर मोर्चा गेला आणि लोकांच्या हाती सापडला किसन. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, म्हणून पालिकेनं आमच्या गल्लीतली बंद विहीर उपसून खुली केली होती. तिच्यात रोज जंतू मारायची पावडर टाकणं हे किसनचं काम. मलमपट्टीला तो आमच्याच दवाखान्यात आला. शर्ट फाटलेला, कानावर रक्त.

"पावडर दोन आठवड्यांपासून आलीच न्हाई, मास्तर. पालिकेतल्या साहेबाला चारदा सांगितलं. म्हणले, रजिस्टर बराबर ठेव."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलंच न्हाई."

विचारलं नव्हतं, हे खरं. पावडर पडल्याची साक्ष म्हणून विहिरीच्या रजिस्टरात जवळच्या शिकलेल्या माणसाची रोज सही घ्यायचा नियम होता. तो माणूस मी. किसनची खेप वाचावी म्हणून मी सोमवारीच आठवड्याच्या सातही ओळींवर सही करायचो. मोकळी ओळ मला बघवतही नसे.

त्याच दुपारी चौकशीचे अधिकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले. रजिस्टर उघडून म्हणाले, "सह्या पूर्ण आहेत, म्हणजे पावडर पडली. पाण्यात दोष नाही, लोकांनी शिळं खाल्लं असेल." मग माझ्याकडे पाहून हसले. "तुमच्यामुळे कागद बरोबर आहेत."

त्यांच्यामागून चादरीत गुंडाळलेलं कोणीतरी बाहेर नेलं. त्या दिवसातलं ते तिसरं.

मी घाबरलो. नोकरी जाईल, गल्ली संबंध तोडेल. सगळं सुमनला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज आला, चिरका, ओळखू न येणारा.

"त्या किसनला एकट्यालाच मारू राह्यले का लोक?"

"हो."

"मंग तुम्ही इथं काय करू राह्यले? बाटलीतले थेंब मोजून राह्यले? ते पडतील बराबर. जा."

मी लेखी जबाब दिला: सह्या माझ्या आहेत, पावडर पडताना मी एकदाही पाहिली नाही, आणि आजार कॉलरा आहे. अधिकारी म्हणाले, "हे तुमच्यावर येईल." मी म्हणालो, "माझ्या वाट्याचं येऊ द्या."

मला लेखी ताकीद मिळाली. पालिकेतल्या साहेबांची बदली झाली. किसनला कामावरून काढलं. माझा जबाब त्याला वाचवू शकला नाही. सुमन सहाव्या दिवशी घरी आली, त्या डॉक्टरांमुळे आणि पाणी उकळून पाजणाऱ्या नर्सबाईंमुळे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पंधरा दिवसांनी दारात एक बाई आली. तिची मुलगी त्याच वॉर्डात दगावली होती.

"मास्तर, माझी पोरगी पाणी पिली त्या दिवशीबी तुमची सही होती का?"

"होती."

ती पदर सारखा करत म्हणाली, "पालिकेत, दवाखान्यात, सगळीकडं जाऊन आले. हो म्हणणारं एक माणूस भेटलं."