परक्या घरचं ठिगळ

वाकळआक्काला माणसांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत, कापडं मात्र जन्मभर राहिली. कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तिचं घर. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्या पडवीसमोरूनच जावं लागे आणि ती प्रत्येकाला त्याच्या घरातल्या कापडावरून ओळखे. "मोराच्या पदराची सून आली न्हवं माहेरास्नं?" असं ती विचारी, आणि ही पाटलांची की पोवारांची, हे आपण मनातल्या मनात जुळवत बसायचं. समोरच्या बँकेतल्या साहेबांना ती तोंडावर "ओ टेरिकॉट" म्हणे. माझं नाव तिला वीस वर्षांत आलं नाही. मी नुसता मास्तर. आता तक्रार तरी कुणी करायची? तिचं खरं नाव मला कुठे ठाऊक होतं!

वाकळ म्हणजे पुण्याकडची मंडळी जिला गोधडी म्हणतात ती. आक्का वाकळ शिवायची, पण बघणाऱ्याला वाटे ही बाई शिवतच नाही. आधी पडवीत जुन्या लुगड्यांचे तीन-चार थर अंथरायचे. मग त्यावर ठिगळं मांडायची. दोन-दोन दिवस नुसती मांडायची, उचलायची, परत मांडायची. लाल इकडचं तिकडे, निळं तिकडचं इकडे. मधेच सगळं गोळा करून चहा प्यायला उठायची. मन भरलं की मग काठापासून धावदोरा घालायला सुरुवात, आणि बाहेरून आत, बाहेरून आत असं फिरत फिरत मधोमध येऊन थांबायचं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. माझा जन्म सीमारेषा आखण्यात गेलेला. ती मांडणी बघून माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा. हे ठिगळ इथंच का, ते तिथं का नाही, याचा काही नियम सापडेल म्हणून मी एकदा पडवीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसलो होतो. तासाभरानं मीच म्हणालो, "आक्का, सगळे चौकोन सारखे कापा ना. एक फिकं, एक गडद, एक फिकं, एक गडद. बघायला बरं दिसेल." आक्कानं सुई केसात खोचली आणि माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुमास्नी सरळ रेघ लई आवडती. पट्टी घिऊन निजताय व्हय?" त्या दिवसापासून वही बंद.

कापड तिला बोटांनी कळे. एकदा गल्लीतली एक बाई गाठोडं घेऊन आली, सासू वारली होती, सासूच्या लुगड्यांची वाकळ हवी म्हणाली. आक्कानं गाठोड्यात हात घातला, वर न बघता चाचपलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ही तुझीच की गं. सासूची कुठं दडपून ठिवलीस?" त्या बाईचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. आक्काला काही वाईट वाटलं नाही. तिचं म्हणणं एवढंच, "माणूस कायबी सांगतंय. कापडाला इचारायचं."

तर ह्याच आक्काकडे मी माझ्या आईची पातळं घेऊन गेलो.

आई माघात गेली. दुखणं फार नव्हतं, चार दिवसांत आटोपलं. दिवसकार्य झाल्यावर कपाट उघडलं तर अकरा पातळं निघाली. माझी बहीण सुमन वारणानगरला असते. ती फोनवर म्हणाली, "दादा, कुणाला देऊन टाकू नकोस, वाकळ करून घे." मलाही ते पटलं. घरात आईचं काहीतरी अंगावर घेता येईल असं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. मी अकराच्या अकरा पातळं एका चादरीत बांधली आणि पडवीत नेऊन ठेवली.

आक्कानं गाठ सोडली आणि विचारलं, "ह्यातलं रोजच्यातलं कुठलं?"

मी एकेक पातळ उलटून बघितलं. एकाच छपराखाली त्रेपन्न वर्षं काढली, रोज तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि ती चुलीपुढे काय नेसून बसायची ते मला सांगता येईना. "हे असेल," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाहीतर हे."

"ऱ्हाऊ दे मास्तर," आक्का म्हणाली. "मी हुडकतो."

चैत्रात वाकळ तयार झाली. घरी आणून कॉटवर पसरली आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण मधोमध एक हिरवा तुकडा होता, त्यावर पांढरे बारीक ठिपके, आणि तो मी क्षणात ओळखला! डीएडला जायला निघालो होतो तेव्हा आई मला स्टँडवर पोचवायला आली होती. एसटी हलली तरी ती हात वर करून उभी होती, आणि अंगावर हेच हिरवं ठिपक्यांचं पातळ. मी त्या तुकड्यावर गाल टेकून लहान पोरासारखा रडलो. बायकोनं दार लोटून घेतलं. पुढे महिनाभर घरी येईल त्याला मी त्या हिरव्यावर बोट ठेवून स्टँडची गोष्ट सांगत होतो.

मे महिन्यात सुमन आली. तिनं वाकळ बघितली, हात फिरवला आणि म्हणाली, "हे हिरवं कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? आईचं."

"छे! आई ठिपक्यांचं कधी नेसली? तिला ठिपके बघून गरगरतंय असं म्हणायची. हे तपकिरी बघ, हे आईचं. तुला स्टँडवर सोडायला आली तेव्हा हेच होतं. मी नव्हते का बरोबर?"

मी आवाज चढवला. तिनंही चढवला. आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेली माणसं, एका ठिगळावरून हातघाईवर आलो. शेवटी बायको म्हणाली, फोटो बघा. मोबाइलमधले बघितले, अल्बम काढले. एकाही फोटोत ना हिरवं, ना तपकिरी. फोटोत आई बारशाची, लग्नाची, वास्तुशांतीची. प्रत्येक ठिकाणी तेच एक लाल काठाचं ठेवणीतलं. घरातली आई कुठल्याच फोटोत नव्हती. मला खरंच भीती वाटली. हिरवं खोटं असलं, तर स्टँडवरचं बाकीचं तरी खरं कशावरून? आई हात वर करून उभी होती, ते तरी खरं की मीच कधीतरी मनानं रचलं?

वाकळ बगलेत मारून दोघं आक्काकडे गेलो. मी हिरव्यावर बोट ठेवलं. आक्कानं नखानं कापड खरवडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हे तुमच्या आईचं न्हाय."

सुमन माझ्याकडे अशी बघते की जणू निवडणूक जिंकली.

"मग कुणाचं?" मी विचारलं.

"आदल्या घरचं. मी परत्येक वाकळंत आदल्या घरचं एक ठिगळ घालतो. नुसत्या एका घरची वाकळ लई आखडू आसती, उबारा धरत न्हाय. माझी सासू घालायची, मी घालतो."

"बघ दादा! म्हणजे हे तपकिरी आईचं," सुमन म्हणाली.

आक्कानं तपकिरी चाचपलं. "हे आईच्या कपाटातलं, पर आईनं अंगाला लावलंच न्हाय. घडी मोडल्याली न्हवती. कोरं हाय. कुणीतरी आहेरात दिलं आसंल."

आता सुमनचं तोंड बघण्यासारखं झालं. पण मला हसू आलं नाही. दोघंही पडवीत खाली बसलो. "मग आई कुठाय ह्यात?" सुमननं वाकळ मांडीवर ओढत विचारलं.

आक्का आमच्यावर जरा वैतागलीच. "आत हाय की! रोजचं नेसल्यालं मऊ आसतंय, इरल्यालं आसतंय, ते वर टिकतंय व्हय? ते आत थराला जातंय. वर दिसतंय ते सगळं ठेवणीतलं. निम्मी आई आत हाय तुमच्या, तिच्यामुळंच तर ऊब."

सुमन म्हणाली, "जरा उसवून बघू का? एवढंसं?" आक्कानं वाकळ ओढूनच घेतली. "शिवल्याली वाकळ उसवायची न्हाय. मी सांगतो म्हणून न्हाय, मग ती नीट बसतच न्हाय." मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "एक तुकडा हाय वर. रोजच्यातलाच. तुमच्या नंतरच्या वाकळंत गेलाय, परकं ठिगळ म्हणून. तेवढा बघाय मिळंल."

"कुणाकडे?"

आता आक्का नाव सांगणार होती थोडीच! "नाव कुठलं ध्यानात? नदीपल्ल्याड राहती. अंजिरी काठाची बाई." मी भूगोलाचा माणूस, म्हणालो, "नदीपलीकडे कुठे? गाव कुठलं?" तर म्हणे, "नवरात्राच्या आदी समद्या वाकळा बंधाऱ्यावर धुवाय येत्यात. तवा चला माझ्यासंगं, बोट लावून दाखिवतो." सुमननं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, तीही येणार. मला इतका आनंद झाला की परत येताना मी वाकळ खांद्यावर टाकून, मे महिन्याच्या उन्हात, आलो.

पुढचे तीन महिने मी आक्काला येता-जाता आठवण करत होतो. ती दर वेळी म्हणे, "व्हय की, ध्यानात हाय." श्रावणात एके दिवशी पडवी रिकामी दिसली. मांडलेली ठिगळं तशीच, पण आक्का नाही. पाय घसरून पडल्याचं कळलं, दवाखान्यात नेलं होतं. मी भेटायला गेलो तर तिला ग्लानी होती. मी काय विचारलं म्हणता? लाज वाटते सांगायला. मरणाच्या दारात पडलेल्या बाईला मी विचारलं, "आक्का, ती अंजिरी काठाची बाई कुठल्या गावची?" तिनं माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, जरा चोळली, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ती गेली. सरणावर तिच्या अंगावर नवं कोरं लुगडं होतं, चुरचुरीत, आणि ते तिला अजिबात शोभत नव्हतं.

मला तिचा राग आला होता. खरं तेच सांगतो. सगळ्या गावाची कापडं डोक्यात घेऊन ही बाई निघून गेली, आणि एक नाव सांगून जायला हिला जमलं नाही. मग राग ओसरला आणि पडवीवरून जाताना नुसतं पोकळ वाटायला लागलं. मी मागच्या परसांतून वाट काढत शाळेत जायला लागलो.

भाद्रपद सरताना बंधाऱ्यावर वाकळा आल्या. सुमनला ताप होता, मी एकटाच गेलो. काठावर, कठड्यावर, गवतावर वाकळाच वाकळा, शंभर तरी असतील. कुठली आक्कानं शिवलेली, कुठली दुसऱ्या कुणी, मला काय कळणार? आणि कळलं तरी त्यातलं आईचं कुठलं? मी एकेका वाकळीपुढे वाकत होतो, मऊ लागतंय का बघत होतो. ओली झाली की सगळीच मऊ. डोकं पार चक्रावलं.

"ओ पावणं, काय हुडकताय?" पाण्यात उभ्या असलेल्या एका बाईनं ओरडून विचारलं.

"एक ठिगळ."

"कसलं? रंग कोणचा?"

"ठाऊक नाही."

"आन् कुणाचं?"

"माझ्या आईचं." मग घाईनं म्हणालो, "वाकळ दुसऱ्या कुणाची आहे. तुमची ही बावड्याच्या वाकळआक्कानं शिवलेली का हो?"

"सासूनं दिलीया. कुणी शिवली काय म्हाईत." तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. वाकळ पाणी पिऊन जड झाली होती, तिला एकटीला उचलेना. "हुडका निवांत. आदी हे टोक धरा, पिळू लागा."

मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि पाण्यात उतरलो. ती एकीकडून पीळ घाली, मी उलटा. पाणी धो धो गळायला लागलं. पीळ घट्ट होत गेला तसा माझ्या मुठीत एक तुकडा आला, रंग पार उडालेला, पांढरा म्हणावा की राखी म्हणावा, आणि इतका विरलेला की खालचे टाके बोटांना लागत होते. आईचा असेल. नसेलही. मी निरखून बघितलं, अंगठ्यानं चोळून बघितलं, आणि मला ओळखता आलं नाही.

"सोडा की आता, सगळं पाणी गेलं," ती बाई म्हणाली.

मी धरूनच उभा होतो.