चार खुर्च्यांची गाडी

आमच्या अंगणात दोन घरं आहेत. डावीकडचं दादाचं, कौलारू, पुढे ओटी, ओटीला सागाचे खांब. उजवीकडचं माझं, स्लॅबचं, गच्चीला काचेचं रेलिंग. पनवेलहून उरणकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात आता बहुतेक घरं माझ्या घरासारखी झाली आहेत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आपल्या घराला कुणाला हात लावू देत नाही. अंगण दोघांचं मिळून एक आहे, आणि गाडीही एकच.

ती चालवतो फक्त दादा. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. गाड्यांची चित्रं खूप काढली, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. दादा शेती आणि मिठागर करून साठी ओलांडल्यावर गाडी शिकला. परीक्षेच्या दिवशी तो मागेही गेला असावा, नाहीतर लायसन्स मिळालं नसतं. त्यानंतर त्यानं रिव्हर्स टाकलेला कुणी पाहिला नाही. "मी पुढं जानारा मानूस हाय," असं तो सांगायचा. एकदा कर्नाळ्याजवळच्या हॉटेलच्या आवारात गाडीपुढे भिंत आली, तेव्हा त्यानं चार अनोळखी माणसांना चहा पाजून गाडी मागे ढकलून घेतली होती.

गाडी शेवग्याखाली उभी असायची. टपावर शेवग्याची फुलं आणि कावळ्यांनी केलेली घाण. शेवग्याची सावली तरी किती असणार? एका मे महिन्यात वहिनी लग्नाला निघाली, तापलेल्या सीटवर बसली आणि बसल्याबरोबर उठली. नवीकोरी पैठणी सावरत तिनं जाहीर केलं की गाडीवर छप्पर येईपर्यंत ती एसटीनं जाणार.

मी मोबाइलवर चित्रं शोधली. काळे लोखंडी खांब, वर सपाट छत, छतात बारीक दिवे. माझ्या घराशेजारी शोभून दिसेल असं ते होतं. दादानं चष्मा लावून एकेक चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, हा पेट्रोल पंप कुठला? त्याच्या मनात वेगळंच होतं. जुना गोठा पाडला तेव्हाची कौलं त्यानं घरामागे रचून ठेवली होती. लाकडी खांब, वर वासे आणि ती कौलं, म्हणजे शेड घराचीच वाटेल. मी म्हणालो की ती गोठाच वाटेल. तो म्हणाला की गोठ्यात काय वाईट आहे, त्यात जनावरं सुखानं राहिली.

आठ दिवस आम्ही भाऊ एकमेकांशी बायकांमार्फत बोललो. शेवटी वहिनीनंच निकाल लावला. "भावजी, मधोमध रेघ मारा," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला लोखंड, आमच्या बाजूला कौलं. ज्यानं त्यानं आपल्या खिडकीतून आपलं तेवढं बघावं."

मी नकाशा काढला. दोन दिवस बसून, छाया-प्रकाश दाखवून, शेवग्याच्या पानांसकट. शेड दोन्ही टोकांना मोकळी ठेवली, म्हणजे दादा विहिरीच्या बाजूनं आत शिरेल आणि सरळ पुढे रस्त्याकडे निघेल. मागे जायची गरजच नाही. दादानं नकाशा पाहून मान हलवली, आणि त्याची मान हलणं ही मोठी गोष्ट होती.

पनवेलचा फॅब्रिकेटर माप घ्यायला आला, नेमका त्या दिवशी दादा गाडी घेऊन चिरनेरला मयताला गेला होता. फॅब्रिकेटर म्हणाला, गाडी असती तर बरं झालं असतं. परत यायला त्याला पंधरा दिवस सवड नव्हती. मग माझ्या डोक्यात कल्पना आली. मी चार प्लास्टिकच्या खुर्च्या गाडीतल्या सीटसारख्या मांडल्या. दादाच्या जागी मी बसलो, शेजारी वहिनी, मागे माझी बायको. वहिनी अंग चोरून बसली होती. ती गाडीत नेहमी तशीच बसते, असं तिचं म्हणणं पडलं. आरशांची जागा सुटू नये म्हणून मी उजवं कोपर बाहेर काढलं आणि वहिनीनं डावं. पुढच्या इंजिनासाठी पाट ठेवला, डिकीसाठी धुण्याची बादली. फॅब्रिकेटरनं आमच्याभोवती टेप फिरवली, आरशांच्या, म्हणजे आमच्या कोपरांच्या पलीकडे चार बोटं जागा सोडली आणि खडूनं खुणा केल्या. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. तिनं विचारलं, कुठे निघालात? बायकोनं सांगितलं, इथेच.

महिन्याभरात शेड उभी राहिली, आणि सुंदर झाली, हे मी आजही म्हणेन. एका बाजूला काळं लोखंड, दुसऱ्या बाजूला लाल कौलं. दादानं खांबांना तेल लावलं. मी माझ्या बाजूला दिवे बसवले. वहिनीनं ठरवलं की गाडी आत जायची ती सत्यनारायणाच्या दिवशीच, तोवर शेवग्याखालीच राहील. त्यामुळे मापाची शंका कुणाला यायचं कारणच नव्हतं.

पूजा सकाळची होती. शेडच्या पुढच्या टोकाला गुरुजींनी चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, कलश ठेवला. गाडी विहिरीकडून येऊन चौरंगाच्या अलीकडे थांबेल, मग दादा उतरून वहिनीशेजारी पाटावर बसेल, असा बेत होता. पाहुणे दोन्ही बाजूंना उभे होते. दादा पिवळं पितांबर नेसून, हार घातलेली गाडी घेऊन आला. आरसे दोन्हीकडच्या खांबांना न लागता आत आले. फॅब्रिकेटरही आला होता. त्यानं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. गाडी थांबली. इंजिन बंद झालं. दादानं दार उघडलं, ते टक्‌ करून खांबाला लागलं. फटीतून त्याचा फक्त हात बाहेर आला.

त्यानं पलीकडचं दार उघडून पाहिलं. तेही तेवढंच उघडलं. मागचीही दोन्ही तशीच. मग काच खाली करून तो माझ्याकडे बघत राहिला. मी कौलांकडे बघत होतो.

पाहुण्यांपैकी दोघे गाडी मागे ढकलायला पुढे झाले. दादानं त्यांना थांबवलं. "पूजेच्या दिवशी, पयल्याच पावलाला पाठी जायाचं? आमी नाय जानार," तो म्हणाला. पुढे चौरंग होता, आणि गुरुजी म्हणाले की एकदा स्थापना झाल्यावर तो आता हलणार नाही. गुरुजींना पुढे पनवेलात आणखी एक पूजा होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि यजमान जिथे आहेत तिथेच बसू देत, असा निर्णय दिला.

तशी पूजा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दादा स्टिअरिंगमागे मांडी घालायचा प्रयत्न करून शेवटी पाय खाली सोडून बसला. वहिनी खांब आणि गाडी यांच्यामधल्या बोळात आडवी शिरून उभी राहिली. दादानं उजवा हात खिडकीबाहेर काढला, वहिनीनं त्याच्या कोपराला हात लावला, आणि गुरुजी सांगतील तसं पाणी पळीतून ताम्हणात पडू लागलं. ताम्हण माझ्या हातात होतं. फुलं आणि तुळशीची पानं दादाकडून माझ्याकडे, माझ्याकडून चौरंगाकडे, अशी जात होती. एकदा संकल्पाच्या वेळी त्याचं कोपर हॉर्नला लागलं आणि गुरुजी आपण कुठपर्यंत आलो होतो ते विसरले. त्यांनी संकल्प पुन्हा पहिल्यापासून घेतला.

कथा चालू असताना पाहुणे एकेक करून खिडकीपाशी येत, वाकून दादाच्या पाया पडायला बघत, पाय सापडत नसत, मग दारालाच हात लावून नमस्कार करत. दादा गंभीरपणे आशीर्वाद देत होता. त्याला घाम फुटला होता, पण चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता. मला फार वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं. बायकोनं पदर तोंडाला लावला होता; लोकांना वाटलं ती गहिवरली आहे.

आरतीला मात्र बसून राहणं दादाला पटेना. त्यानं मला डिकी उघडायला सांगितलं. पितांबराचा काचा मारला, मागच्या सीटवर आला, मग सीटच्या पाठीवरून पलीकडे डिकीत उतरला आणि गुडघ्यांवर रांगत उजेडात आला. जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दादानं घडी मोडलेलं पितांबर नीट केलं आणि मला फक्त एवढंच विचारलं, "खुर्च्यांना दारं नव्हती ना रं?"

मी नाही म्हणालो. तो थेट आरतीला उभा राहिला. पण प्रसाद वाटताना माझ्या द्रोणात त्यानं शिऱ्याचा मोठा गोळा घातला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर दादा डिकीतून आत गेला आणि गाडी पुढून बाहेर काढली. फॅब्रिकेटरनं कौलांकडची बाजू, खांबांसकट, दोन हात बाहेर सरकवली. त्यामुळे छताच्या मधोमध लांबच लांब फट पडली. तिच्यावर त्यानं पारदर्शक शीट बसवली. आता दुपारी गाडीच्या टपावर उन्हाचा एक पट्टा पडतो आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू सरकत जातो. दादाला तो पट्टा आवडला.

फॅब्रिकेटरनं शेडचा फोटो काढून नेला. थोड्याच दिवसांत शिरढोणच्या बाजूच्या एका बंगलेवाल्यांनी तशीच शेड मागितली, मधल्या उजेडाच्या पट्ट्यासकट, आणि ज्यांनी ही कल्पना काढली त्यांना भेटायची इच्छा सांगितली. आम्ही दोघे भाऊ गेलो. बंगलेवाल्यांनी सरबत दिलं आणि हे अर्धं लोखंड, अर्धं कौल, मध्ये आकाश, हे सुचलं कसं, असं विचारलं. मी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आमचा भाऊ चित्रकार हाय," तो म्हणाला. "त्यानं दोन दिवस इचार केला."

मग सरबत संपवून त्यानं त्यांना त्यांच्या गाडीची चारही दारं उघडायला लावली आणि आपण स्वतः टेप धरून माप घेतलं.