पान अकरावरचा वळसा

कॉलेजात त्यांना सगळे ‘काठाच्या बाई’ म्हणत. पंचवीस वर्षं त्यांचा विषय एकच: दोन भिंतींमधून वाहणारं पाणी. त्याला जरासा धक्का दिला तर तो विरतो की फोफावतो, हे एका समीकरणातून निघणारा आकडा सांगतो. ऋण आला तर प्रवाह शांत, धन आला तर खळबळ. बाई वर्गात म्हणायच्या, “मधल्या पाण्यात चिकटपणा विसरलात तरी चालेल. भिंतीच्या काठाला विसरलात, की संपलात.” म्हणून मधलं वेगळं सोडवायचं, काठाचं वेगळं, आणि मग दोन्ही तुकडे असे शिवायचे की शिवण दिसू नये.

नवऱ्याचा धंदा नळदुरुस्तीचा. “मी पाणी थांबवतो, ही त्याची काळजी करते,” असं तो पाहुण्यांना सांगे.

अकरा वर्षांपूर्वी बाईंचा एक लेख छापून आला होता. वरची भिंत तापवली तरी प्रवाह शांतच राहतो, असं त्यात होतं. आयुष्यभराची तेवढीच पुंजी. येत्या सोमवारी प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि फायलीत सगळ्यात वर तोच लेख होता.

मंगळवारी शेजारच्या टेबलावरची नवी अध्यापिका कागद घेऊन आली. तिने तोच प्रवाह संगणकावर घातला होता.

“मॅडम, माझा आकडा धन येतोय.”

“यंत्राला भुतं पण दिसतात. गणिताच्या बिंदूंची जाळी बारीक करून बघ.”

“तीनदा केली. भूत असतं तर हललं असतं. हे जागचं हलत नाही.”

बाईंनी कागद घेतला. घडी न घालता, पिशवीत उभा ठेवून घरी नेला.

बुधवारपासून रोज सकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वही उघडून बसू लागल्या. पहिल्या ओळीपासून, काहीही गृहीत न धरता. भांडी पडून राहिली. शुक्रवारी नवऱ्याने पान्यांची पिशवी खांद्याला लावत विचारलं, “गळती सापडली का?”

“नाही. जोड सगळे तपासले.”

“मग वळणापाशी बघ.”

“तुम्हाला आपलं सगळं नळासारखंच दिसतं.”

शनिवारी सापडली. लाट ज्या वेगाने सरकते, नेमक्या त्याच वेगाने पाण्याचा एक थर वाहत असतो. तिथे चिकटपणा विसरलेलं समीकरण फुटतं. त्या बिंदूला वळसा घालून पुढे जावं लागतं. वरून की खालून, हे आपल्या मर्जीवर नसतं, तो विसरलेला चिकटपणाच ठरवतो. बाई हे दर वर्षी फळ्यावर लिहीत आल्या होत्या. पान अकरावर त्यांनी मध्येच अंतर खालच्याऐवजी वरच्या भिंतीपासून मोजायला घेतलं होतं आणि त्यासोबत वळसा मात्र उलटवला नव्हता, वरूनच ठेवला होता. स्वतःचंच अक्षर परक्या माणसाचं असावं तसं त्यांनी ते पान पाहिलं.

मग त्या खालून गेल्या. उत्तर धन आलं आणि यंत्राच्या आकड्याशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. पद्धत खरी निघाली होती, चुकल्या होत्या त्या.

दुपारी त्यांनी मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. आकडा जुळल्याचा निरोप मिळून आलेली अध्यापिका दारात उभी होती.

“सोमवारनंतर पाठवा ना, मॅडम. अकरा वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं.”

“तुझ्या आलं की.”

“मी नाही बोलणार कुठे.”

“मग तर आजच पाठवायला हवं. तुला गप्प बसायचा सराव नको.”

सोमवारी बाईंनी फाईल समितीपुढे सरकवली. सगळ्यात वर पत्राची प्रत होती. अध्यक्षांनी पहिली ओळ वाचली: माझ्या लेखाचा निष्कर्ष चूक आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, मग आता आपण बोलायचं कशावर?”

“पान अकरावर,” बाई म्हणाल्या आणि खडू मागितला.