अकराव्या रकान्यातलं शून्य

आमच्या विभागात तिला सगळे दगडबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. तिला राग यायचा नाही. उलट कुणी नवखा मॅडम म्हणाला, तर आणखी कोण आलंय म्हणून ती मागं वळून बघायची. खडक आणि खनिजं हा तिचा विषय. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक खोली आहे, तिची खिडकी एकदा लावली की धक्के मारल्याशिवाय उघडत नाही. त्या खोलीत लाकडी ट्रेमध्ये तिचे साडेचारशे दगड नंबर घालून ठेवलेले. सोळा वर्षं ती शिकवत होती आणि सोळाही वर्षं तासांवरच, म्हणजे घेतले तेवढ्या तासांचे पैसे. दर वर्षी तिच्या नेमणुकीचा नवा कागद निघायचा आणि तो मी टाइप करायचो.

मी म्हणजे विभागाचा हेडक्लार्क. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. स्वभाव तापट आणि दुसऱ्याला अक्कल शिकवायची खोड जुनी. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं त्याला ती खोडच कारणीभूत आहे.

गेल्या वर्षी तिच्या वर्गात सहाच मुलं उरली. दहाच्या खाली गेलं की विषय बंद, असा नियम. विभागप्रमुखांनी तिला बोलावून तेवढंच सांगितलं. ती बाहेर आली ती थेट माझ्या टेबलापाशी.

"भाऊसाहेब, ऑनलाइन कोर्सचा प्रस्ताव कसा देतात?"

"दगडांचा? आणि मुलांनी हातात काय घ्यायचं, माऊस?"

"ज्याच्या त्याच्या दारात दगड असतात की. मी दाखवीन, ते आपापले उचलतील."

मी हसलो खरा, पण मला ते पटलं. फॉर्म नऊ पानी होता. तीन आठवडे ती तो लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईचा एकदा ऑफिसात फोन आला. "भाऊसाहेब, तिला वेळेवर घरी पाठवा हो. डोक्यात दगड होतेच, आता कागद भरलेत." मी म्हातारीला धीर दिला, की कोर्स मंजूर झाला म्हणजे लेकीची काळजी मिटली.

फॉर्म तपासायला माझ्याकडंच आला. दहा रकाने फक्कड भरले होते. अकरावा होता, शिक्षक किती लागतील. तिनं लिहिलं होतं, एक.

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही! इथं एक लिहिलंत की फाईल पदांच्या समितीकडं जाते आणि तिथं कुजते. इथं शून्य लिहायचं."

"मग शिकवणार कोण?"

"तुम्हीच, आणखी कोण? कागदावर शून्य असलं तरी वर्गात माणसाला उभं राहावंच लागतं. पंचवीस वर्षं असेच कोर्स मंजूर करून घेतलेत मी. लिहा शून्य. मंजूर होणार, ही काळ्या दगडावरची रेघ."

"रेघ कशानं मारली तेवढं सांगा, म्हणजे दगड कोणता ते मी सांगते," ती म्हणाली आणि तिनं एक खोडून शून्य लिहिलं.

फाईल महिन्यात मंजूर झाली. जुन्या कोठीत जाड पडदे लावून चित्रीकरण सुरू झालं. चोवीस पाठ झाले. ती हातात दगड धरून विचारायची, "सांगा बरं, हा कोणता?" आणि गप्प उभी राहायची. कॅमेरावाला वैतागायचा. ही रिकामी जागा कापतो म्हणायचा. ती ऐकेना. "विचार करायला वेळ नको का त्यांना?" मी दारात उभा राहून बघायचो. मला वाटलं होतं ती कॅमेऱ्यापुढं बुजेल. पण चार दिवसांत ती असं बोलायला लागली, जणू समोर पोरं बसलीत.

चारशे बारा जणांनी नावं घातली. दगडबाईनं ऑफिसभर चहा पाजला.

त्यानंतर तासांवरच्या नेमणुकांची यादी वरून आली. तिचं नाव नव्हतं. मी यादी तीनदा वाचली आणि तणतणत विभागप्रमुखांकडं गेलो. त्यांनी शांतपणे फॉर्म काढून पुढं केला.

"वर्गातला विषय बंद झाला. ऑनलाइनचे पाठ तयार आहेत. शिक्षक लागणार शून्य. बाईंनीच लिहिलंय, भाऊसाहेब."

वर्गात माणसाला उभं राहावं लागतं, हे माझं गणित वर्गापुरतं खरं होतं. इथं ती कायमची पडद्यावर उभी होती.

तिला सांगायचं काम माझ्याकडंच आलं. ती ट्रे पुसत होती. तिनं ऐकून घेतलं आणि फडकं घडी करून ठेवलं. मला वाटलं आता माझ्यावर बरसेल. बरसली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "आईला काय सांगू?"

पुढं कोर्समधल्या एका मुलीनं पांढऱ्या दगडाचा फोटो पाठवून विचारलं, हा कोणता? उत्तर द्यायला कुणी नाही म्हणून तो मेल माझ्याकडं आला. दोन दिवस मी तो दाबून ठेवला. शेवटी लाज गुंडाळून ठेवून बाईंना फोन लावला.

"काचेवर घासून बघायला सांगा," ती लगेच म्हणाली. "ओरखडा उठला तर गारगोटी. नाही उठला तर थोडी भुकटी खरवडून व्हिनेगर टाकायला सांगा. फेस आला तर मला पुन्हा फोन करा."

"बाई, ते शून्य माझ्यामुळं..."

"हात माझा होता, भाऊसाहेब. तिला लवकर कळवा, वाट बघत असेल."

मग फोन होतच राहिले. वर्षभरात साठेक प्रश्न आले, सगळ्यांची उत्तरं तिनं दिली. मी ती टाइप केली आणि खाली विभागाचं नाव घातलं. या कामाचा कागद कुठंच नव्हता.

परवा कोर्सच्या आढाव्याचा फॉर्म आला. पुन्हा तोच रकाना, शिक्षक किती लागले. मी एक लिहिलं, कंसात तिचं नाव लिहिलं आणि फॉर्म सहीला नेला.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "अहो, अशानं फाईल अडकेल. कोर्सच बंद पडेल. हे तुम्हीच ना सगळ्यांना शिकवता?"

त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. कोर्स बंद पडला तर तिला फोन करायला निमित्तही उरणार नव्हतं. मी पेन घेतलं आणि एक खोडून शून्य लिहिलं.