बजेट ऐकता ऐकता लागलेली झोप

कुंताबाईचे यजमान घनश्याम गेले आणि त्यांच्यामागे तिची झोपही गेली. सानगडीच्या तलावाखाली त्यांची धानाची शेती. कापणी झाली, मळणी झाली, धान घरात आलं. धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक निळं फुललं, तरी बाईचा डोळा लागेना. अंथरुणावर पडलं की घर वाढत गेल्यासारखं वाटायचं. दिवसा ती धुक्यातून चालल्यासारखी वावरायची. चुलीवरचा भात करपायचा, ते शेजारणीने हाक मारल्यावर कळायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला ती लाखनीला डॉक्टरकडे गेली. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून ती चंद्रकुमारच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाबाहेर बाकावर टेकली. आत बजेटचं भाषण लागलं होतं आणि दाराशी माणसं गोळा झाली होती. भाषण एका लयीत चाललं होतं. हजार कोटी, लाख कोटी, टक्के, सवलत, पुन्हा कोटी. मधूनमधून माणसं बोलत होती.

"नोकरीवाल्यायचा टॅक्स माफ होऊन राहिला म्हणते."

"आपन कधी भरला बाप्पा टॅक्स?"

"माचीस घेतली का भरलाच."

कोणी हसलं, कोणी तंबाखू मळली. हायवेवरून ट्रक जात होते. हिवाळ्याचं ऊन कुंताबाईच्या पायावर येऊन बसलं होतं. तिची मान भिंतीला टेकली.

बांध्या पाण्याने काठोकाठ भरल्या होत्या आणि पाण्यावर लाखोरीची फुलं होती. लांबून कोणीतरी आकडे सांगत होतं. एकेका आकड्यासरशी एक बगळा उडायचा आणि सावकाश पलीकडच्या बांधीत उतरायचा. बगळे संपत नव्हते. तिला ते मोजायचेही नव्हते.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं, एसटी निघून गेली होती आणि तोंडासमोर माइक होता. भुपेंद्र नावाचा तरुण मोबाइलवर चालणाऱ्या बातम्यांसाठी लोकांच्या प्रतिक्रिया घेत हिंडत होता.

"मावशी, बजेट आयकलं का? कसं वाटलं?"

"बेस वाटलं बाबू," कुंताबाई म्हणाली. "मले झोप लागली."

सगळे हसले. तीही हसली. किती दिवसांनी अंग हलकं झालं होतं.

संध्याकाळपर्यंत ती जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचली. एका पक्षाच्या माणसांनी लिहिलं, जनता आता निर्धास्त झोपते. दुसऱ्यांनी लिहिलं, बजेटमध्ये आहेच काय, म्हातारी ऐकता ऐकता झोपली. नागपूरहून तिच्या मुलाचा, मनिषचा फोन आला.

"माय, काहून बोलली तू असं? ऑफिसात सारे हासून राहिले मले."

"खरंच झोप लागली रे. कायले खोटं बोलू?"

आई झोपत नाही, हे मनिषला कोणी सांगितलंच नव्हतं. मग त्याने हळूच विचारलं, "चांगली लागली का?"

"लई चांगली."

त्या रात्री मात्र डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिने दिराच्या मुलीला, हर्षाला, तेच भाषण मोबाइलवर लावायला सांगितलं. तेच आकडे, तोच आवाज. कुंताबाई डोळे मिटून पडून राहिली. बगळे आले नाहीत.

"मोठीमाय, दुसरं काही लावू का?" हर्षाने विचारलं.

"राहू दे, बाई."

पडल्या पडल्या तिला घनश्यामांची दुपार आठवली. जेवण झालं की ते खाटेवर बसून पेपर मोठ्याने वाचत. बजेटच्या दिवसांत काय महाग, काय स्वस्त ते आधी वाचत आणि शेजाऱ्यांशी त्यावर वाद घालत. भिंतीच्या या बाजूला ती लवंडलेली असे. शब्द नीट कळायचे नाहीत. घरात माणसं आहेत एवढं कळायचं, आणि तेवढ्यावर झोप यायची.

ती उठली आणि चटई काखेत घेऊन शेजारी दिराकडे गेली. जागेश्वरच्या घरापुढच्या सपरीत दुपारी म्हातारे जमत. तेव्हाही बजेटवरच बोलणं चाललं होतं.

"वयनी, काही काम होतं का?" जागेश्वरने विचारलं.

"काही नाही, भाऊजी. तुमी बोला. मी आतमधी पडतो जराशी."

जागेश्वरला काय समजलं कोण जाणे. तो वळून म्हणाला, "हं, तं टॅक्सचं काय म्हणत होता तुमी?" आणि वाद पुन्हा सुरू झाला. कुंताबाई दिवेलागणीला उठली.

मग ते रोजचंच झालं. पळस फुलला, मोह गळून गेला, म्हाताऱ्यांचं बजेट काही संपलं नाही. हळूहळू ती रात्रीही झोपू लागली. आषाढात धानाच्या रोवण्याला बायकांबरोबर चिखलात उतरली.

दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा टॅक्स बदलल्याची बातमी आली. सपरीत कोणी म्हणालं, भांडे सस्ते होतीन. आतून कुंताबाईचा आवाज आला, "पितळेचे बी का?"

म्हातारे चकित झाले. आजवर त्यांना वाटे, ती झोपलेलीच असते.

"होतीन बहुतेक, वयनी."

"मग मी जाऊन पायतो भंडाऱ्याले."

हर्षाला घेऊन ती एसटीने निघाली. कारध्याच्या पुलाखालून वैनगंगा दुथडी भरून चालली होती. भांड्यांच्या बाजारात ती दुकानामागून दुकान हिंडली. पाण्याचा पितळी गुंड हातात घ्यायची, कानाशी धरायची, बोटाने टिचकी मारायची.

"काकू, सस्ते झाले आता," दुकानदार म्हणाला. "घेऊन टाका."

"थांब ना जरा," कुंताबाई म्हणाली. हातातल्या गुंडाचा नाद लांबत चालला होता. तो पुरता विरेपर्यंत ती ऐकत उभी राहिली, आणि मगच "हाच घेतो" म्हणत तिने तो हर्षाच्या हाती दिला.