वर उभी असलेली क्रेन

यासीनला जाऊन महिना उलटून गेला. त्याला शेवटचं हसताना पाहिलं ते लिंबागणेशला, माझ्या टायरच्या दुकानासमोर. पवनचक्कीच्या कंपनीकडून त्याला फोन आला होता. पातं घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर माळावरच्या चढणीला वळणात अडकला होता. त्याचं मागचं टोक उचलून वळवून द्यायचं होतं. "चल बे, घंटाभराचं काम हाय," म्हणाला. मी त्याच्या क्रेनमागं मोटारसायकल काढली.

आमच्या भागात यासीनची पिवळी क्रेन ठाऊक नाही असा माणूस विरळा. विहिरीचे पंप, रोहित्रं, उलटलेल्या उसाच्या ट्रॉल्या... जे हाताला उचलत नाही ते तो उचलायचा, भाड्यानं. पण गाडीखाली माणूस सापडलाय असं कळलं की भाड्याची गोष्टच निघत नसे. एका ईदला तो ताटावरून उठून गेला, टेम्पोखालून एका म्हातारीला जिवंत काढून आला. नवा सदरा रक्तानं भरला होता. त्याच्या बायकोनं, शबानाभाभींनी, सदरा भिजत घातला आणि शीरखुर्मा पुन्हा गरम केला.

त्या दिवशी ट्रेलरचं टोक उचललं आणि यासीनच्या चाकाखालची रस्त्याची कड खचली. क्रेन कलंडून ओढ्यात गेली. मी धावत खाली उतरलो. केबिन चेपली होती, पाय आत अडकले होते, पण तो शुद्धीवर होता.

"वर त्यांची मोठी क्रेन हाय ना," म्हणाला. "तिला बोलव."

ती ओढ्यातून दिसत होती. टायरवर चालणारी, रिकामी उभी. मी वर गेलो. तिचा चालक निघायला तयार होता. साइटवरचा अधिकारी मात्र म्हणाला, "साइटबाहेर क्रेन न्यायला वरून परवानगी लागते. फोन लावलाय."

"साहेब, माणूस दबलाय. तुमच्याच ट्रेलरसाठी आलता."

"मला कळतंय. पण माझ्या हातात नाही." आणि तो फोन कानाला लावून सावलीत गेला.

मी परत खाली आलो. "निघाली का?" यासीननं विचारलं. निघाली, म्हणालो. मग तो माझा हात धरून वरच्या रस्त्याकडे बघत राहिला...

शेवटी गावातल्या पोरांनी कुणाचा तरी जेसीबी आणला. पत्रा फाडून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचं बोलणं थांबलं होतं. बीडच्या वाटेवर तो गेला. परवानगी नंतर आली. त्याच मोठ्या क्रेननं, त्याच दिवशी, ट्रेलर वळणातून काढून दिला. कंपनीची माणसं घरी येऊन दुःख झालं म्हणाली, आणि जाता जाता, कडेला क्रेन लावायला नको होती, असंही माझ्या कानावर घालून गेली. ते पातं आता वर फिरतंय. मला तिकडं बघवत नाही.

यासीनचा फोन शबानाभाभींनी बंद केलेला नाही. क्रेन पाहिजे म्हणून अजून लोक फोन करतात. यासीन फोन उचलला की आधी एकच विचारायचा. भाभीही तेच विचारतात. परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना कंपनीतून कुणा नव्या माणसाचा फोन आला. माळावर पुन्हा एक ट्रेलर अडकला होता.

"माणूस अडकलाय का?" भाभींनी विचारलं.

तो नाही म्हणाला.

भाभींनी फोन ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.